सूर्याच्या किनाऱ्यावरील घरे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत आणि ओळखीच्या तलाठ्याच्या साक्षीने बांधलेले घर होते. एवढ्या अनुकूल परिस्थितीतही घर बांधणाऱ्याची दमछाक होते, असा तिचा अर्थ. मग तेच घर परक्या देशात, न समजणाऱ्या भाषेतील कागदांवर सह्या करून आणि आयुष्यभराची शिल्लक ओतून उभारावयाचे असेल, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर गेल्या साठ वर्षांत उत्तर युरोपातील लक्षावधी माणसांनी स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर शोधले. त्यांत धनिक होतेच. परंतु मध्यमवर्गातील निवृत्त माणसांचा, म्हणजे शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांचा भरणाही मोठा होता. ब्रिटनच्या ढगाळ हवेतील लहानसे घर विकावे आणि त्याच पैशात मालागा किंवा आलिकांतेच्या परिसरात अंगण, लिंबाचे झाड आणि समोर समुद्र असलेले घर बांधावे, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब चुकीचा होता असे नव्हे. पण त्यातील एक रकाना भरावयाचा राहून गेला होता.

ऊन हा निर्यातीचा माल

या कहाणीची सुरुवात हवामानापासून नव्हे, परकीय चलनाच्या टंचाईपासून होते. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धानंतर जनरल फ्रँकोच्या राजवटीने स्पेनचा अर्थव्यवहार जगापासून बराचसा तोडून घेतला होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा जुलै १९५९ मध्ये ‘स्थिरीकरण योजना’ जाहीर झाली. पेसेटाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४२ वरून ६० पेसेटांवर गेला आणि परदेशी प्रवाशाला स्पेन अधिकच स्वस्त वाटू लागला. ऊन हा मोठा चमत्कारिक माल आहे. तो पेट्यांत भरून पाठविता येत नाही. गिऱ्हाइकालाच दाराशी यावे लागते आणि येताना ते आपले चलन बरोबर आणते. स्पेनच्या राज्यकर्त्यांनी हे नेमके हेरले.

तोपर्यंत या किनाऱ्याला विशेष किंमत नव्हती. चाच्यांच्या भयाने अनेक जुनी गावे समुद्रापासून दूर, टेकड्यांवर वसली होती आणि वाळूत पीक येत नव्हते. बेनिडॉर्म हे मासेमारीवर जगणारे गाव. त्याने १९५६ मध्येच नगररचनेचा आराखडा करून घेतला आणि पुढे तेथे उंच इमारतींची रांग उभी राहिली. अल्मेरिया प्रांतातील मोहाकार हे टेकडीवरचे गाव स्थलांतरामुळे ओस पडत चालले होते. साठीच्या दशकात तेथील महापौर हासिंतो आलार्कोन यांनी घर बांधण्याची तयारी दाखविणाऱ्यास जागा फुकट देण्याचे धोरण स्वीकारले. ‘कोस्टा देल सोल’, म्हणजे सूर्याचा किनारा, हे नाव उत्तर युरोपात घरोघरी पोहोचले ते याच काळात.

पर्यटक आणि घर बांधणारा यांत मात्र मूलभूत फरक आहे. पर्यटक पंधरा दिवसांनी परत जातो; त्याची फसगत झाली तर एका सुटीची होते. घर बांधणारा राहतो, आणि त्याची फसगत झाली तर ती उरलेल्या आयुष्याची होते. शिवाय परक्या देशात घर बांधण्यासाठी दोन सरकारांची संमती लागते : पैसे बाहेर जाऊ देणाऱ्या सरकारची आणि माणसाला आत राहू देणाऱ्या सरकारची. १९६६ मध्ये पौंड संकटात असताना ब्रिटिश सरकारने स्टर्लिंग क्षेत्राबाहेर सहलीस जाणाऱ्या नागरिकाला केवळ ५० पौंडांचे परकीय चलन मंजूर केले होते. घर घ्यावयाचे तर परवानगी काढून आणि वर अधिमूल्य मोजून परकीय चलन मिळवावे लागे. परकीय चलनाच्या निर्बंधांत वाढलेल्या भारतीय वाचकाला या गोष्टी अपरिचित वाटणार नाहीत. ऑक्टोबर १९७९ मध्ये ब्रिटनने हे निर्बंध उठविले. १ जानेवारी १९८६ रोजी स्पेन युरोपीय समुदायात दाखल झाला आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय नागरिकाला सदस्य देशांत कोठेही राहण्याचा सर्वसाधारण हक्क दिला. दोन्ही दारे उघडली. आता उरला तो फक्त घराच्या किमतीचा प्रश्न, असे लोकांना वाटले.

घर उभे असते कशावर?

वस्तुतः घर जमिनीवर उभे असते तितकेच ते कायद्यावरही उभे असते. भिंतींना तडा गेला तर तो डोळ्यांना दिसतो. परवान्याला गेलेला तडा दिसत नाही. स्पेनमध्ये खरेदीखत नोटरीसमोर होते आणि मालकीची नोंद मालमत्ता-नोंदणी कार्यालयात होते. करआकारणीसाठी जमिनीचे दप्तर वेगळे, बांधकामाची परवानगी आणि भोगवट्याचा दाखला देणारी नगरपालिका वेगळी, आणि नगरपालिकेच्या आराखड्यावर देखरेख करणारे प्रादेशिक सरकार त्याहून वेगळे. नोटरीची मोहोर उमटली म्हणजे घर सर्वस्वी कायदेशीर झाले, अशी परदेशी खरेदीदाराची समजूत असे. पण नोटरी व्यवहार प्रमाणित करतो. जमीन बिगरशेती आहे की शेतीची, तेथे घर बांधता येते की नाही, हे पाहण्याची जागा निराळी आहे.

या फटीतून काय घडू शकते हे आंदालुसिया प्रांताने दाखविले. नगरपालिकेने परवाने दिले आणि घरे उभी राहिली. पुढे प्रादेशिक सरकारने त्यांतील काही परवान्यांना, जमीन बांधकामास अपात्र असल्याच्या कारणावरून, आव्हान दिले. जानेवारी २००८ मध्ये अल्मेरियात एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याचे असे घर यंत्राने पाडण्यात आले. ग्रामीण भागातील हजारो घरे पुढे अनेक वर्षे ना पूर्ण वैध, ना पाडलेली, अशा त्रिशंकू अवस्थेत राहिली. अशा घरांना वीज-पाण्याची कायम जोडणी मिळणे दुरापास्त आणि ती विकणे तर त्याहून कठीण.

वालेन्सियाची तऱ्हा वेगळी. जमीनमालक जमीन अडवून ठेवतात आणि त्यामुळे घरे महागतात, यावर उपाय म्हणून तेथे १९९४ मध्ये एक कायदा झाला. स्वतःच्या मालकीची तसूभर जमीन नसलेला विकासकही एखाद्या परिसराचा आराखडा नगरपालिकेपुढे ठेवू शकेल आणि तो मंजूर झाल्यास तेथील मालकांनी जमिनीचा काही हिस्सा सोडून द्यावा, शिवाय रस्ते, गटारे व दिवे यांच्या खर्चाचा वाटाही उचलावा, अशी त्यात तरतूद होती. हेतू वाईट नव्हता. परंतु संत्र्यांच्या बागेत घर बांधून राहिलेल्या वृद्धाच्या हाती एके दिवशी परभाषेतील नोटीस पडे आणि अंगणाचा तुकडा सोडून वर हजारो युरो भरण्याची पाळी त्याच्यावर येई. तक्रारींचा ओघ युरोपीय संसदेपर्यंत गेला. मार्च २००९ मध्ये संसदेने डॅनिश सदस्या मार्ग्रेट औकेन यांच्या अहवालाच्या आधारे स्पेनमधील नगरविकासाच्या पद्धतीवर कडक टीका करणारा ठराव संमत केला. तथापि नगररचना हा सदस्य देशाचा अधिकार असल्याने ठरावाने नोटिसा रद्द झाल्या नाहीत.

समुद्रालगतच्या घरांचा प्रश्न आणखी मूलगामी आहे. जुलै १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्रतट ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे ठामपणे सांगितले आणि तटाच्या आतील बाजूस सामान्यतः शंभर मीटरपर्यंत संरक्षित पट्टा आखला. प्रत्यक्ष तटाच्या हद्दीत आलेल्या जुन्या घरांची मालकी संपून तेथे तीस वर्षांचा आणि आणखी तीस वर्षे वाढविता येणारा वापरहक्क आला. २०१३ मध्ये ही कमाल मुदत पंचाहत्तर वर्षे करण्यात आली. लोकहिताच्या दृष्टीने हा कायदा योग्यच होता. किनारा सर्वांचा असतो. पण ज्याला नवे घर विकताना ही रेषा कोणीच दाखविली नाही, त्याच्या दृष्टीने मालक एका रात्रीत भाडेकरू झाला.

पौंड आणि पारपत्र

कायद्याच्या खाली आणखी एक पाया असतो, तो चलनाचा. ब्रिटिश निवृत्ताचे वेतन पौंडात आणि खर्च युरोत. २००७ च्या सुरुवातीस एका पौंडाला सुमारे दीड युरो मिळत होता. डिसेंबर २००८ च्या अखेरीस तो जेमतेम एका युरोच्या वर राहिला. महिना ८०० पौंड निवृत्तिवेतन घेणाऱ्याचे बाराशे युरो दोन वर्षांच्या आत सव्वाआठशेच्या घरात आले. त्याने उधळपट्टी केली नव्हती. लंडन आणि फ्रँकफुर्ट येथील घडामोडींनी त्याच्या स्वयंपाकघरातील एक तृतीयांश धान्य उचलून नेले. घर विकून परत जावे म्हटले, तर त्याच सुमारास स्पेनमधील घरांचा फुगा फुटलेला. २००६ या एका वर्षात त्या देशात आठ लाखांहून अधिक घरांना परवाने मिळाले होते. फुगा फुटल्यावर बेकारी २०१३ मध्ये सव्वीस टक्क्यांच्या पुढे गेली आणि २०१२ मध्ये बँका वाचविण्यासाठी युरोपकडून सुमारे ४१ अब्ज युरो घ्यावे लागले.

त्यानंतर आला तो पारपत्राचा प्रश्न. जून २०१६ च्या सार्वमतानुसार ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाअखेर संक्रमणकाळही संपला. त्यापूर्वी स्पेनमध्ये रीतसर वास्तव्य केलेल्यांचे हक्क करारान्वये अबाधित राहिले. पण ज्यांनी केवळ हिवाळा घालविण्यासाठी घर बांधले होते आणि वास्तव्याची नोंद करण्याची तसदी घेतली नव्हती, त्यांना १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा लागू झाली. घर स्वतःचे, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि त्यात राहण्यास मात्र बंदी! अधिक काळ राहावयाचे तर परवाना हवा. नोकरी-धंदा न करता राहणाऱ्याने या परवान्यासाठी सरकारी उत्पन्न-निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे २०२३ च्या दराने महिन्याला २,४०० युरो, उत्पन्न दाखवावयास हवे होते. केवळ सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला हा उंबरठा ओलांडता येणार नाही, हे सांगावयास नकोच.

स्थानिकांची बाजू

या सर्वांत स्पेनच्या नागरिकाला काय मिळाले, हा प्रश्न विचारल्यावाचून चित्र पुरे होत नाही. गवंडी, सुतार, माळी, खाणावळवाले यांना काम मिळाले. ओस पडणाऱ्या गावांत पुन्हा दिवे लागले. हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याचबरोबर घराच्या बाजारात दोन असमान गिऱ्हाइके समोरासमोर आली : एक, उत्तरेतील वेतनावर किंवा बचतीवर घर घेणारा, दुसरा, हंगामी नोकरीच्या पगारावर. अलीकडील वर्षांत स्पेनमधील घरांच्या विक्रीपैकी साधारण सातवा हिस्सा परदेशीयांनी खरेदी केला आहे. आलिकांते प्रांतात हे प्रमाण दहात चारच्या आसपास जाते. २०२४ मध्ये कॅनरी बेटे, माल्योर्का आणि मालागा येथे हजारो लोक रस्त्यावर आले ते पर्यटनाचा अतिरेक आणि घरभाडे यांच्याविरुद्ध. हॉटेलात काम करणाऱ्याला हॉटेलाच्या गावात राहणे परवडत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. पाण्याचेही तेच. तागुस नदीचे पाणी शेकडो किलोमीटर दूरच्या सेगुरा खोऱ्यात नेणारा कालवा १९७९ पासून या किनाऱ्याला आधार देत आला, तरी पाण्याची ओढ संपलेली नाही.

सरकारने पाच लाख युरोंच्या घरावर वास्तव्याचा परवाना देण्याची योजना २०१३ मध्ये सुरू केली, कारण तेव्हा रिकामी घरे खपवावयाची होती. एप्रिल २०२५ मध्ये ती बंद केली, कारण आता घरे पुरेनाशी झाली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी युरोपीय संघाबाहेरील अनिवासी खरेदीदारांवर शंभर टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. परक्यावरील कर नेहमीच लोकप्रिय असतो. त्याला मत नसते. परंतु स्पेनमध्ये सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे युरोपीय सरासरीहून फार कमी आहेत, ही उणीव परदेशीयांनी निर्माण केलेली नाही.

जोखीम कोणी घ्यावी?

तेव्हा दोष कोणाचा? लोभी विकासक, भ्रष्ट नगरसेवक, भोळा खरेदीदार ही उत्तरे सोपी आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. मार्बेयाची नगरपालिका भूखंडांच्या भ्रष्टाचारामुळे एप्रिल २००६ मध्ये माद्रिदच्या सरकारने बरखास्त केली, ही लोकशाही स्पेनमधील अभूतपूर्व घटना होती. पण व्यक्तींना तुरुंगात टाकून व्यवस्था सुधारत नाही. नगरपालिकेला उत्पन्न मिळे ते बांधकामावरील करांतून आणि विकासकाकडून येणाऱ्या जमिनीच्या वाट्यातून. शेतजमीन बांधकामास खुली केली की तिजोरी भरे. ती शेतजमीनच ठेवली तर काहीच मिळत नसे. ज्या संस्थेने ‘नाही’ म्हणावयाचे, तिचेच पोट ‘होय’ म्हणण्यावर अवलंबून होते. विकासकाने नफा घेतला, बँकेने व्याज घेतले, नगरपालिकेने कर घेतला, दलालाने दलाली घेतली. उरली ती जोखीम. आणि ती जिला सर्वांत कमी समजत होती अशा, वकिलाच्या भाषेत ‘सद्भावनेने खरेदी करणाऱ्या’ व्यक्तीच्या पदरात टाकण्यात आली. निवृत्तांच्या हिशेबातून राहून गेलेला रकाना तो हाच.

हा अन्याय दूर करण्याचा मार्ग कायद्याला माहीत नव्हता असेही नाही. तयार होण्यापूर्वीच विकल्या जाणाऱ्या घरासाठी घेतलेल्या रकमांना बँकेची हमी असलीच पाहिजे, असा कायदा स्पेनमध्ये १९६८ पासून होता. अनेकांनी तो धाब्यावर बसविला. हमीवाचून अशा रकमा जमा करून घेणारी बँक खरेदीदाराला जबाबदार राहील, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते डिसेंबर २०१५ मध्ये. त्याच वर्षी दंडसंहितेत सुधारणा होऊन, घर पाडण्यापूर्वी निरपराध खरेदीदाराच्या भरपाईची हमी न्यायालयाने घ्यावी, अशी तरतूद आली. म्हणजे जोखीम घेण्यास समर्थ असलेल्यांकडे ती सरकविण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. तोवर पुष्कळ वृद्ध आपले गाऱ्हाणे घेऊन जग सोडून गेले.

हा धडा मराठी वाचकालाही परका नाही. रिझर्व्ह बँकेच्या २००४ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार भारतातील रहिवाशाला परदेशी रक्कम पाठविता येते. २०१५ पासून ही मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि त्यातून तो परदेशात घरही घेऊ शकतो. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गाला आज दुबईच्या किनाऱ्यावरील सदनिकांच्या जाहिराती खुणावतात. दुबईने ठरावीक क्षेत्रांत परदेशीयांना मालकी दिली आहे. पण मालकी म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि वास्तव्याचा परवाना मुदतीचा असतो. स्वदेशातील किनाऱ्यावरही प्रश्न तोच. भारताने १९९१ मध्ये भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात किनारा नियमन लागू केले आणि २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीची मर्यादा दोनशेवरून पन्नास मीटरवर आणली. कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी भूखंड घेणाऱ्यांपैकी कितीजण ती रेषा नकाशावर पाहतात?

खरेदीदाराने सावध असावे हे खरेच. परक्या गावी घर बांधण्यापूर्वी तेथे उन्हाळा-हिवाळा भाड्याने राहावे, विकणाऱ्याने सुचविलेला वकील टाळावा, आणि जमिनीचा प्रकार, बांधकामाचा परवाना व भोगवट्याचा दाखला पाहिल्यावाचून इसाराही देऊ नये. परंतु सर्व सावधगिरी एकट्या माणसावर सोपविणे म्हणजे शासनाने आपले काम त्याच्या माथी मारणे होय. ज्या दप्तरात जमिनीची मालकी लिहिलेली असते, त्याच दप्तरात त्या जमिनीवर काय बांधता येते आणि काय नाही, हेही कोणालाही वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले असावे. परवाना देणाऱ्या संस्थेचा परवाना चुकीचा निघाला, तर भरपाई तिने द्यावी. मुखत्यारी तिची आणि शिक्षा दुसऱ्याची, हा न्याय कोणत्याही देशात टिकू नये. सूर्यप्रकाश निसर्ग फुकट देतो. त्या प्रकाशात उभ्या राहणाऱ्या घराची शाश्वती मात्र राज्यसंस्थेलाच द्यावी लागते, आणि ती देण्याची तयारी नसेल तर तिने घरे विकण्यासाठी आपल्या किनाऱ्याची जाहिरात करू नये.